‘मोफत’ बाळंतपणाचा हिशेब आणि दाईची जात

घरी बाळंतपण करायचे तर खाजगी सुईण किती पैसे घेते? हा प्रश्न पुण्या-मुंबईत विचारला तर उत्तरात एक पॅकेज समोर येते. नऊ महिन्यांच्या तपासण्या, बाळंतपणाआधीचे वर्ग, घरी येणारी प्रशिक्षित मिडवाइफ आणि अडचण आलीच तर पंधरा मिनिटांवर ठरवून ठेवलेले रुग्णालय. त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि ते मोजण्याची ऐपत असलेलाच माणूस तिथे हा प्रश्न विचारतो. त्याला ‘नैसर्गिक प्रसूतीची निवड’ म्हणतात.

हाच प्रश्न आम्ही एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात विचारला तेव्हा बाया हसल्या. दाईला कोणी पैसे देते काय? चार पायली तांदूळ, एखादी कोंबडी, जमलेच तर पुढच्या बाजाराला एक लुगडे. घरात काहीच नसेल तर काहीच नाही. दाई त्यामुळे यायची थांबत नाही.

म्हणजे शहरात जे काम पॅकेजमध्ये विकले जाते, ते जंगलात जवळजवळ फुकट केले जाते. मग जंगलातले बाळंतपण स्वस्त आहे, असे म्हणायचे का? आमचे म्हणणे आहे, अजिबात नाही. एटापल्लीतली बाई बाळंतपणासाठी जी किंमत मोजते ती शहरातल्या बाईपेक्षा जास्त आहे. फक्त ती कोणत्याही सरकारी रकान्यात लिहिली जात नाही.

एका घराचा हिशेब आमच्याकडे आहे. नाव-गाव सांगणार नाही. पावसाळ्याचे दिवस, नाल्याला पूर, फोनला रेंज नाही. रात्रभर कळा येऊनही बाळ होईना, म्हणून दाईनेच सांगितले की हे माझ्या हातचे नाही. घरच्यांनी दुचाकीवरून लांबचा फेरा घेऊन बाजाराच्या गावातून ‘इंजेक्शनवाल्या’ एका बाईला आणले. तिच्याकडे कोणती पदवी होती हे कोणी विचारले नाही. तिची फी 1,500 रुपये, सलाइन आणि कळा वाढवण्याच्या इंजेक्शनचे 900, पेट्रोलचे 300. सकाळी बाळ झाले, पण रडले नाही. आईचे रक्त थांबेना. पूर ओसरल्यावर तिला खाटेवरून नाल्यापलीकडे नेले. तिथून जीप, 3,500 रुपये. दवाखान्यात उपचार मोफत झाले, हे आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण सोबतच्या दोघांचे पाच दिवसांचे खाणे-राहणे 1,800 रुपये. एकूण 8,000. दोन बकऱ्या विकल्या आणि उरलेले पैसे व्यापाऱ्याकडून पुढच्या मोहाच्या हंगामावर उचलले. आई वाचली. बाळ गेले ते गेलेच.

आता सरकारचा हिशेब बघा. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातल्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यास 700 रुपये आणि दारिद्र्यरेषेखालची बाई घरी बाळंत झाल्यास 500 रुपये आहेत. 2005 साली ठरलेली ही रक्कम. या घराला ते 500 सुद्धा मिळाले नाहीत, कारण बँक खात्याला आधार जोडलेले नव्हते. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, औषध, रक्त, जेवण आणि वाहन सगळे मोफत आहे. कागदावर काहीच कमी नाही. पण हे ‘मोफत’ सुरू होते दवाखान्याच्या किंवा रुग्णवाहिकेच्या दारापासून. तिथपर्यंतचा नाला, जंगल, बुडालेली मजुरी आणि व्यापाऱ्याची उचल बाईच्या माथी. एटापल्लीहून आलापल्लीमार्गे गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक लांब आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मात्र दोन तासांतही जीव घेऊ शकतो. या दोन आकड्यांमध्ये जी बाई मरते तिला ‘अंधश्रद्धेमुळे घरी बाळंत झाली’ असे म्हणून व्यवस्था हात झटकते.

राहिला दाईचा प्रश्न. ती फुकट का राबते? माडिया गावात दाई गावातलीच, बहुधा नात्यातलीच वयस्क बाई असते. तिथे हे काम देवाणघेवाणीचे आहे, आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पण माडियांच्या पाड्यांतून सपाटीवरच्या जातवार वसलेल्या गावांत आलो की चित्र बदलते. महाराष्ट्राच्या अनेक गावांत सुईणपण मांग समाजाच्या बायांकडे होते आणि देशभर नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताने भरलेले कपडे धुणे हे काम बहुतेक ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायांनीच केले. सवर्ण घरात बाळाला पहिला हात लागायचा तो तिचाच, पण सुतक फिटल्यावर तिला उंबरठ्याबाहेरच थांबावे लागायचे. ज्या हातांनी वंश जगवला तेच हात विटाळाचे! कामाला ज्ञान लागते, धीर लागतो, रात्री-अपरात्री उठून जावे लागते, तरीही त्याला मजुरी नाही. कारण ते बाईचे काम, त्यातही खालच्या ठरवलेल्या जातीच्या बाईचे. श्रमाची किंमत श्रमावरून ठरत नाही, करणाऱ्याच्या जातीवरून ठरते, हे बाळंतपणाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आणि गंमत अशी, की तेच काम इंग्रजी नाव लावून शहरात आले की प्रतिष्ठेचे होते आणि त्याचे दरपत्रक छापले जाते.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीच्या काळापासून काळ्या दायांनी काळ्यांची आणि गोऱ्यांचीही बाळंतपणे केली. 1921 च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर त्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली, त्यांना अडाणी आणि घाणेरड्या ठरवले गेले आणि पुढच्या काही दशकांत त्यांना या कामातून बाहेर काढण्यात आले. आज तिथे घरी बाळंत होण्यासाठी खाजगी मिडवाइफला हजारो डॉलर मोजावे लागतात. ज्ञान दलितांचे-काळ्यांचे आणि बाजार दुसऱ्यांचा, ही गोष्ट आंबेडकरी तरुणांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे आपल्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप येतो. बाबासाहेबांनी आपल्याला घाण कामे सोडायला सांगितली. मेलेली जनावरे ओढणे सोडा म्हणाले. मग तुम्ही दाईचे काम कशाला गौरवता? पोरींनी शिकून डॉक्टर व्हावे.

पोरींनी डॉक्टर व्हावेच. पण बाबासाहेबांच्या सांगण्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्यांनी सोडायला सांगितली ती जातीने लादलेली, माणूसपण काढून घेणारी वेठबिगारी. बाळाला जन्माला घालण्याचे ज्ञान ही वेठबिगारी नव्हे. त्याची मजुरी नाकारणे आणि ते एका जातीच्या माथी मारणे ही वेठबिगारी आहे. सोडायची ती ही. ज्ञान सोडून दिले तर ते दुसरे कोणी उचलेल आणि आपल्यालाच विकत देईल.

दुसऱ्या बाजूला सगळे जुने ते सोने म्हणणारेही आहेत. आम्ही त्यांच्यासोबत नाही. आदिवासी बाई घरी बाळंत होते म्हणून ती निसर्गाच्या जवळ आहे, असे लिहिणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात तिच्या खाटेचा पाय खांद्यावर घ्यावा. आडवे बाळ, झटके, सिकलसेल, अंगात रक्त नसणे यांवर कोणत्याही दाईच्या हातात उपाय नाही. ते चांगली दाई स्वतःच सांगते, आमच्या या गोष्टीतल्या दाईनेही सांगितले. निवड तिला म्हणतात जिच्या मागे रुग्णवाहिका उभी असते. ती नसेल तर ती निवड नाही, नाइलाज आहे.

मग करायचे काय? याचे एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यानेच जगाला दिले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत थोड्या शिकलेल्या गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. दायांनाही सोबत घेतले. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशाचे धोरण झाले. म्हणजे गावची बाई शिकू शकते, जीव वाचवू शकते, हे सिद्ध झालेले आहे. पण धोरण झाल्यावर सरकारने काय केले? हे काम आशाताईच्या गळ्यात बांधले आणि बेचाळीस दिवसांतल्या सहा-सात गृहभेटींचे मिळून मानधन ठरवले 250 रुपये. कर्मचारी म्हणायचे नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणायचे. दाईचे तांदूळ गेले आणि त्या जागी मानधन आले, बाकी व्यवस्था तीच राहिली.

2018 साली केंद्र सरकारने मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची सोय केली. पण दार उघडे आहे ते नर्सिंगची पदविका किंवा पदवी असलेल्यांनाच. एटापल्लीच्या आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या माडिया मुलीला त्या दारापर्यंत पोहोचवणारा रस्ता कुठे आहे? न्यूझीलंडमध्ये 1990 पासून मिडवाइफ स्वतंत्रपणे प्रसूती करते, घरी किंवा दवाखान्यात, आणि तिचे पैसे सरकार देते. बाईला दर विचारावा लागत नाही. अशक्य असे यात काही नाही.

बाळंतपणाचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी 1928 सालीच दिलेले आहे. मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना त्यांनी भूमिका घेतली की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे आणि तोवर तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने उचलला पाहिजे. 1943 साली मजूरमंत्री म्हणून खाणीतल्या कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्यातली दुरुस्ती त्यांनीच मांडली. संविधानाच्या अनुच्छेद 42 मध्ये प्रसूतिविषयक साहाय्य लिहिलेले आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला, तर 2017 च्या मातृवंदना योजनेने पहिल्या बाळासाठी 5,000 वर बोळवण केली.

खाणीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. याच एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा लोखंडाचा डोंगर खोदला जात आहे. ट्रकला बारा महिने रस्ता आहे, बाळंतिणीला नाही. 2015 च्या कायद्यानुसार खाणपट्टाधारकाला रॉयल्टीच्या 10 ते 30 टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते आणि तो पैसा खर्च करताना आरोग्य हे प्राधान्याचे क्षेत्र आहे. ज्यांच्या जमिनीखालचे लोखंड चालले आहे त्यांच्या बायांच्या बाळंतपणाला पैसा नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक दुर्गम गावात एका स्थानिक मुलीला सरकारी खर्चाने सहायक परिचारिका आणि पुढे मिडवाइफ होईपर्यंत शिकवा आणि तिला पगारी पदावर घ्या, मानधनावर नको. जुन्या दायांना तिच्यासोबत जोडा आणि प्रत्येक बाळंतपणाची मजुरी द्या. दिवस भरत आलेल्या बाईला दवाखान्याजवळ राहता यावे म्हणून माहेरघर योजना आहे. तिथे दोघांचे जेवण आणि बुडीत मजुरी वेळेवर द्या. पावसाळ्याआधी प्रत्येक गावची वाहनव्यवस्था ठरवा. पैसा खनिज प्रतिष्ठानातून घ्या.

तरुणांनो, हे काम 14 एप्रिलच्या मिरवणुकीइतके दिसणारे नाही. पण पेसा कायद्याने ग्रामसभा आपल्या हातात आहे. तिच्यात ठराव घ्या. खनिज निधीतून आरोग्यावर किती खर्च झाला याचा माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि आपल्या गावातल्या गेल्या वर्षीच्या प्रत्येक बाळंतपणाचा घरोघरी जाऊन हिशेब लिहा: दाईला काय दिले, जीपला किती, उचल कोणाकडून घेतली. तो कागद घेऊन तहसीलदारासमोर बसा. ‘बाळंतपण मोफत आहे’ असे तो म्हणाला की त्या घरच्या 8,000 रुपयांपासून वाचायला सुरुवात करा.

जय भीम! जय सेवा!