कंबर काय म्हणतेय, भो?

जळगाव-धुळे बाइकवर अप-डाऊन करणारा कुणीही भेटू दे, तिसऱ्या वाक्याला कंबर येतेच. ‘कंबर दुखस भो!’ मग आरोपींची यादी : खड्डे, खुर्ची, लॅपटॉप. खरं सांगू? बहुतेकदा यादी बरोबरच असते. उसण भरते, काही आठवड्यांत उतरते. प्रश्न त्या थोड्यांचा, ज्यांची कंबर वेगळंच काही सांगत असते.

बिग बींचंच घ्या. 2000 साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू होत होतं, त्याच सुमारास अमिताभ बच्चन यांना मणक्याचा टीबी असल्याचं निदान झालं. धड बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. दिवसाला आठ-दहा पेनकिलर घेऊन शूटिंग केलं, हे पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं. अख्खा देश टीव्हीसमोर आणि कुणाला पत्ता नाही! टीबी म्हणजे खोकला, हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय ना. मणक्याच्या टीबीत खोकला नसूही शकतो.

म्हणून माझा फंडा सिंपल आहे. किती दुखतंय यापेक्षा सोबत काय आहे, ते बघा. आडवं पडूनही दुखणं थांबत नाही, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, डाएट न करता वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय... यातलं काहीही असेल तर पेनकिलरची स्ट्रिप बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. वय चाळिशीच्या आत, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त पाठ आखडलेली, हिंडलं-फिरलं की मोकळी आणि हे तीन महिने चाललंय? मग अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांची सूज असू शकते. तपासून घ्या.

आणि ही तर थेट इमर्जन्सी : पायांतली ताकद जाणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं. इथे ‘सोमवारी बघू’ चालत नाही. नस दबली असेल तर हिशेब तासांचा असतो.

मणक्याचा टीबी औषधांनी बरा होतो. साधारण वर्षभर, न चुकता गोळ्या. जळगावचं सिव्हिल असो की धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. उशीर झाला तर मात्र मणका खचतो, पायही जाऊ शकतात.

खुर्ची बदलायला बॉसची परवानगी लागते. डॉक्टरकडे जायला नाही. सिक लीव्ह त्यासाठीच असते, भो!