मुलाच्या पार्टटाइम कमाईवर हप्ता बसवू नका

नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव इथल्या पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या शाखांत उन्हाळा सरता सरता एक वेगळंच कर्जप्रकरण टेबलावर येऊ लागतं. सोबत सात-बारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, आडत्याच्या कांदापट्ट्या, आणि सगळ्यांत वर परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र. कुरण, बेल्हे, डुंबरवाडीला इंजिनिअरिंग केलेल्या आपल्या मुलामुलींनी बर्मिंगहॅमला, टोरांटोला शिकायला जावं, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती परतफेडीच्या तक्त्याची. वडिलांच्या उत्पन्नात हप्ता बसत नाही असं दिसलं, की ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात मुलाच्या पार्टटाइम नोकरीची रक्कम येऊन बसते. एजंटाने सांगितलेली, पालकांनी विश्वासाने लिहिलेली आणि शाखेत कुणीही न तपासलेली.

त्या रकान्यात शून्य लिहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ब्रिटनचा हिशोब करून पाहा. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला शिक्षण चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. एप्रिल २०२५ पासून तिथे २१ वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. एकही आठवडा वाया न जाता पुरे २० तास मिळाले, तरी महिन्याचे साधारण १,०५८ पौंड होतात. आणि लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याने राहण्याखाण्यासाठी दरमहा किती पैसे हाताशी असल्याचं दाखवायचं? त्याच सरकारने २०२५ च्या सुरुवातीला हा आकडा १,१३६ पौंड ठरवला आणि नोव्हेंबरमध्ये १,१७१ वर नेला. सगळे तास भरूनही पोराचं स्वतःचं भागत नाही. मग इकडच्या हप्त्याला काय उरणार?

शिवाय हे २० तास वाटतात तितके सैल नाहीत. आठवडा सोमवार ते रविवार असा धरतात आणि सरासरी चालत नाही. एका आठवड्यात १५ आणि दुसऱ्यात २५ तास केले, तर दुसऱ्या आठवड्यात नियम मोडलाच. ‘उन्हाळ्यात फुलटाइम करेल की’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. एका वर्षाच्या मास्टर्सला तो उन्हाळा प्रबंधाचा असतो, सुट्टीचा नसतो. तेव्हाही मर्यादा २० तासांचीच राहते. ॲपवरून जेवण पोहोचवणं हा तिथे स्वयंरोजगार समजला जातो आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. मग मित्राच्या नावाचं खातं भाड्याने घेऊन सायकल मारणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं, पोरगा कष्ट करतोय. करतोच आहे, पण व्हिसा पणाला लावून.

इतर देशांचे नियम वेगळे, पण मर्यादा बहुतेक ठिकाणी आहे. अमेरिकेत पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

आणि हे आकडे बदलतात. कॅनडाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तासांची मर्यादा तात्पुरती उठवली. कॅम्पसबाहेर आठवड्याला ४० तास काम करता येतंय म्हटल्यावर कितीतरी घरांनी त्यावर गणित मांडलं. ३० एप्रिल २०२४ ला ती सवलत संपली आणि मर्यादा पुन्हा २० वर आली. ८ नोव्हेंबर २०२४ पासून ती २४ आहे. मधल्या काळात, १ जानेवारी २०२४ पासून, राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कमही १०,००० वरून २०,६३५ डॉलर झाली होती. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर नोकरीसाठी दोन वर्षं राहता येतं, असं धरून आपण पाच-सात वर्षांची परतफेड बांधतो. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना ती मुदत दीड वर्षच मिळणार आहे.

आता याच काळात इकडे काय चाललं होतं ते आठवा. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली आणि ती उठायला मे २०२४ उजाडला. म्हणजे ज्या घराने कॅनडाच्या ४० तासांवर आणि मंचरच्या कांद्यावर मिळून हप्ता बसवला असेल, त्याच्या दोन्ही बाजू त्याच वर्षात खचल्या. एक ओटावाच्या निर्णयाने, दुसरी दिल्लीच्या. कर्जदाराची यात तिळमात्र चूक नव्हती. म्हणून ऐपत ठरवताना बऱ्या-वाईट हंगामांची सरासरी घ्या. २०२३ च्या जुलैतली टोमॅटोपट्टी पाहून कुणाचीही ऐपत ठरवू नका.

खरं दुखणं मात्र आपल्याच कर्जाच्या घडणीत आहे. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे अनेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात. बारमाही बागायत असलेलं घरही मग गावातलं घर नाहीतर प्लॉट घेऊन आपल्याकडे येतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष एवढी हप्त्याला सवड असते. आपण तेच पैसे साध्या तारण कर्जाच्या नियमाने देतो आणि पुढच्याच महिन्यापासून हप्ता मागतो. हप्ता थकला की जामीनदार चुलत्याच्या घरी नोटीस जाते. त्या रात्री साडेअकराला मंचरहून फोन जातो. उन्हाळा असेल तर ब्रिटनमध्ये संध्याकाळचे सात वाजलेले असतात. पोरगं दुसऱ्या दिवशी एका किचनमध्ये रोख पैशांवर जादा शिफ्ट धरतं. मालक किमान वेतनापेक्षा कमी देतो, कारण हा तक्रार करणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. पकडला गेला तर व्हिसा रद्द, पदवी अर्धवट, आणि आपलं कर्ज थकीत. आपल्या वसुलीच्या तगाद्यानेच त्याला नियम मोडायला भाग पाडलेलं असतं.

तेव्हा संचालक मंडळाने परदेशी शिक्षणासाठी कर्जाचं वेगळं धोरण करावं. अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत फक्त व्याज, पुढे सहा महिने सवड, मग हप्ता. एवढंही घराला झेपत नसेल तर रक्कम कमी करा किंवा स्पष्ट नाही म्हणा. त्या घरावर तो उपकारच ठरेल. पश्चिम पट्ट्यातला आदिवासी विद्यार्थी आला, तर कर्जाचा अर्ज हातात देण्याआधी त्याला घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करायला पाठवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती सांगा.

आणि मंजुरीपूर्वी विद्यार्थ्याला वडिलांसोबत शाखेत बसवा. व्हिसाच्या कामविषयक अटी त्याने स्वतः वाचून मराठीत सांगाव्यात: किती तास, कोणतं काम चालत नाही, सुट्टी कशाला म्हणतात. बहुतेक वडील हे तिथे पहिल्यांदाच ऐकतील. सप्टेंबरच्या प्रवेशांची प्रकरणं जूनपासून येतील. त्याआधीच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या.