जिल्हा जवळ आला, सत्ता अजून वरच



१ जुलै १९९८ ला धुळे जिल्हा तोडून नंदुरबार जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके त्यात आले. तेव्हापासून पुढारी सांगत फिरतायत की आदिवासींचा जिल्हा झाला, आता राज्य तुमचंच. जिल्हा झाला हे चांगलंच झालं. धडगावकडच्या माणसाला एका सहीसाठी धुळ्याला जायचं तर मुक्काम पडायचा, मजुरी बुडायची, आणि साहेब दौऱ्यावर असले की पुन्हा चक्कर. तो त्रास कमी होईल. पण साहेब जवळ आला म्हणजे सत्ता जवळ आली का? कलेक्टर तसाच, जंगलखातं तेच, नाकेदार तोच. धुळ्याचा साचा उचलून नंदुरबारला ठेवला, एवढंच झालं.

असं करायचं नव्हतं. हे आपल्याला कोणी येऊन सांगणार नाही, म्हणून नीट वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. २४ डिसेंबर १९९६ पासून देशात अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा वेगळा कायदा आहे. भुरिया समितीच्या अहवालानंतर तो आला. त्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की जिल्हा पातळीची रचना करताना राज्याने घटनेच्या सहाव्या अनुसूचीचा नमुना धरायचा प्रयत्न करावा. सहावी अनुसूची कुठे आहे? आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराममध्ये. तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदा जमिनीचे, राखीव सोडून बाकी जंगलाचे, गावकारभाराचे कायदे स्वतः करतात. राज्यपालाची मंजुरी लागते, पण कायदा तिथे बसून होतो. आणि आपली जिल्हा परिषद? वरून आलेल्या योजना वाटते. जुन्या जिल्ह्यात बदल करायचा तर सरकार शंभर अडचणी सांगेल. पण ही तर कोरी पाटी होती. कायदा होऊन दीड वर्ष झालं होतं. कोऱ्या पाटीवर जुनंच गिरवलं. मुद्दाम गिरवलं, असंच मी म्हणणार.

कोणी म्हणेल, अध्यक्ष आपलाच होणार ना! होणारच, अनुसूचित क्षेत्रात ते पद कायद्यानेच आदिवासींसाठी राखीव आहे, त्यात कोणाची मेहेरबानी नाही. पण खुर्चीवर आपला माणूस बसवायचा आणि फाइल मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर फिरवायची, हा खेळ आपण सरपंचाच्या बाबतीत पाहिलाय. सरपंच आपला, आणि शिक्का ग्रामसेवकाच्या पिशवीत.

खरी गोष्ट जिल्ह्याची नाहीच, पाड्याची आहे. त्याच कायद्यात गाव कशाला म्हणायचं ते सांगितलंय. वस्ती किंवा वस्त्यांचा गट, पाडा किंवा पाड्यांचा गट, जिथला समाज आपल्या रीतीने आपला कारभार करतो, ते गाव. आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. राज्याने १९९७ मध्ये आपला ग्रामपंचायत कायदा दुरुस्त केला, पण डोंगरात काय बदललं? ग्रामसभा गट-ग्रामपंचायतीचीच राहिली. लांबच्या फळीवरची बाई दोन डोंगर उतरून, नाल्याला पूर असताना, पोराला कडेवर घेऊन तिथे कशी जाणार? जात नाही. मग अंगठे घ्यायला रजिस्टरच घरी येतं. काय लिहिलंय ते वाचून दाखवत नाहीत, आणि आपण विचारत पण नाही.

पाडा गाव ठरला तर काय होईल ते बघा. कोणाला घरकुल, कोणाला विहीर, ते ग्रामसभा ठरवेल. पंचायतीने पैसा खर्च केला तर त्याचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागेल. दारूबंदी, सावकारी, बाजार, गौण वनोपज, आदिवासीची बळकावलेली जमीन परत मिळवणं, हे सगळं त्या कायद्यात ग्रामसभेचं आणि पंचायतीचं म्हणून लिहिलंय. वरच्या पंचायतीने खालच्या ग्रामसभेचे अधिकार बळकावू नयेत, हे सुद्धा.

आता नेवाडाचं. १९७८ च्या सरकारी निर्णयापासून आपण दावे घेऊन फिरतोय. दंडाची पावती आहे का, विचारायचे. नाकेदाराने कोंबडं नेलं, पैसे नेले, पावती दिली का कधी? ती जमीन कोणाच्या बापाने फोडली, कोणत्या साली पहिली ज्वारी पेरली, हे पाड्यातल्या डाया माणसाला पाठ आहे. शहाद्याच्या कचेरीत बसलेल्याला नाही. म्हणून दाव्याची चौकशी पाड्याच्या ग्रामसभेसमोर झाली पाहिजे. आणि तुमची फाइल धुळ्यातच राहिली की नंदुरबारला आली, हे याच महिन्यात जाऊन विचारा. नवीन जिल्ह्याच्या गडबडीत गठ्ठे हरवतात.

आदिवासी अडाणी, त्यांना कारभार झेपणार नाही, असं बोलणारे आपल्यातही शिकलेले आहेत. लाह करून एका दिवसात घर उभं करणाऱ्या, भांडण पंचात बसून मिटवणाऱ्या लोकांना कारभार शिकवायला कोण येणार? गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. तिथलं धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव आज सगळ्यांना माहीत आहे. ते नाव काही कलेक्टर कचेरीमुळे झालं नाही. सगळं गाव, बाया सुद्धा, एकत्र बसून एकमताने ठरवतं आणि आपलं जंगल राखतं. आमच्या गावात आम्हीच सरकार, असं ते उघड सांगतात.

तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्याने, फळीने बसायचं. बाया पाहिजेतच. ठराव एवढाच, की आमचा पाडा हा १९९६ च्या कायद्याप्रमाणे गाव आहे, आमची ग्रामसभा वेगळी जाहीर करा. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. कार्बन घालून तीन प्रती करा. एक ग्रामसेवकाला, एक कलेक्टर नंदुरबार यांना, एक आपल्याकडे. शिक्क्याची पोच घ्या. देत नसतील तर तारीख आणि साहेबाचं नाव लिहून ठेवा आणि कागद पोस्टाने पाठवा. धडगाव आणि मोलगीच्या बाजाराच्या दिवशी संघटनेची पोरं वही घेऊन बसतील, ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांचा ठराव ती लिहून देतील. पैसे लागणार नाहीत, फक्त पाड्यातल्या चार जणांनी सोबत यावं, एकट्याने नको.