वाचतां येतें, पण समजत नाहीं!

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं, वरच्या वर्गांस दिलेली विद्या आपोआप खालीं झिरपते ही समजूत खोडून काढून सामान्य रयतेच्या मुलांसाठीं प्राथमिक शिक्षण मागितलें. १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत तें सक्तीचें व मोफत केलें. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क ठरला. आज बहुजनसमाजाचीं मुलें हायस्कुलांत बसलेलीं पाहून आम्हांस आनंद होतो. शाळेचें दार उघडलें. पण पुस्तकाचें दार पुष्कळांस अजून बंदच आहे!

२०२३ सालीं 'असर'नें २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत ग्रामीण मुलांची पाहणी केली. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें २५ जणांस दुसरीच्या इयत्तेचा उतारा स्वभाषेंत धड वाचतां आला नाहीं. अशा मुलापुढें नववींत संतांच्या ओव्या, इतिहासांतील लांबलचक वाक्यें व 'प्रकाशसंश्लेषण' यांसारखे शब्द एकदम येऊन पडतात. ज्यांस अक्षरें वाचतां येतात, त्यांतही अर्थ लागणारे थोडेच.

यावर वर्गांत उपाय काय होतो? धडा शिक्षकच वाचतात, अर्थ तेच सांगतात, उत्तरेंही फळ्यावर तेच लिहितात. मुलें उतरून घेऊन घोकतात. उरलेलें काम गाईड करतें. पूर्वीं पोथी पुराणिकबुवांनीं वाचावी, अर्थ त्यांनींच सांगावा व इतरांनीं माना डोलवाव्या, अशी रीत होती. पुराणिकबुवा गेले आणि गाईड आलें, एवढाच काय तो फरक!

शिक्षक म्हणतील, वर्गांत साठ मुलें, मग अभ्यासक्रम पुरा कधीं करावयाचा? अडचण खरी आहे. पण न समजलेला अभ्यासक्रम पुरा झाला, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? धड्याआधीं पांच मिनिटें विषय सांगावा व अडणारे चार शब्द फळ्यावर अर्थासह लिहावे. धडा दुष्काळावर असेल, तर टँकर व चाराछावणी कोणीं पाहिली, हें आधीं मुलांसच विचारावें. मग एकेक परिच्छेद वाचून थांबावें व 'येथें काय झालें?' असें पुसावें. उत्तर वऱ्हाडींत, अहिराणींत किंवा मालवणींत आलें तरी हंसूं नये; अर्थ बरोबर असला कीं पुस्तकी शब्द मागून येतो. फारच मागें असलेल्यास रोज वेगळा तास द्यावा व त्याच विषयावरील सोपा मजकूर आधीं वाचावयास द्यावा. मात्र सोपें पुस्तक ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. तेथेंच त्यास बसवून ठेवणें हा अन्यायच होय. हें काम एकट्या मराठीच्या शिक्षकाचें नाहीं. शास्त्राच्या धड्यांतील 'जर', 'तर', 'म्हणून' यांनीं वाक्य कसें जोडलें आहे, तें शास्त्राच्या शिक्षकानेंच दाखविलें पाहिजे.

आईबापांसही आमचें सांगणें आहे. मार्क किती पडले हें विचारा, पण धड्यांत काय आहे तेंही मुलाच्या तोंडून ऐका. ऐकण्यास स्वतः शिकलेलें असावें लागत नाहीं.

सातबाऱ्याचा उतारा, कर्जाचा करार, सरकारी नोटीस यांचें गाईड बाजारांत मिळत नाहीं. तीं ज्यास स्वतः वाचून समजत नाहींत, त्याची सही कितीही वळणदार असली, तरी तो अंगठाच होय!