स्वतःच्या जबाबदारीवर

हा अंक दोन महिने उशिरा निघतोय. छपाईचे पैसे नव्हते हे नेहमीचंच, त्याचं रडगाणं गात नाही. यावेळी पैशाच्या आधी भांडण झालं. आमच्यातलाच एक दोस्त, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने लेख आणला : कुठलीच सक्ती नको. हेल्मेट नको, दारूचं परमिट नको, गोमांसबंदी नको, सिगारेटच्या पाकिटावरची सडकी फुप्फुसं नकोत. माझं शरीर माझं, त्याचं काय करायचं ते मी बघीन, मधे सरकार कोण? लेखात मिल आहे. माणसाच्या वागण्याने दुसऱ्याला इजा होत नसेल तर समाजाने त्याच्या आड येऊ नये, असं या इंग्रजाने १८५९ साली मांडलं. तीन रविवार आम्ही वडाळ्याच्या खोलीत यावर घसे फोडले. शेवटी ठरलं, लेख छापायचा, आणि मला जे ओकायचंय ते मी इथे ओकायचं. लेख पान सातवर आहे. तो आधी वाचलात तरी हरकत नाही.

मी मॅट्रिक. मिल मी दोस्ताच्या तोंडून ऐकला. पण 'माझं शरीर, माझी जबाबदारी' हे मी त्याच्याआधी वाचलंय. सही करून वाचलंय.

गोदीत कंत्राटदाराकडे लागलो त्या दिवशी मुकादमाने एक छापील कागद पुढे सरकवला. मी स्वखुशीने आणि स्वतःच्या जबाबदारीवर काम करीत आहे, इजा झाल्यास माझी तक्रार नाही, असा मजकूर. माझ्या पुढच्या चौघांनी अंगठे उठवले. मी लफ्फेदार सही ठोकली. शिकलेला ना!

आठ महिन्यांनी एका जहाजाच्या पोटात भंगार लोखंड आलं. ओलं. लोखंड गंजतं तेव्हा बंद जागेतला प्राणवायू खाऊन टाकतं. हे मला ठाऊक नव्हतं, पण नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. आधी हवा खेळवायची, मग हवा तपासायची, मगच माणूस खाली सोडायचा. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा आपल्याकडे १९८६ साली झाला. २०२० साली तो आणखी बारा कायद्यांसकट एका संहितेत गुंडाळला. मुकादमाने यातलं काही केलं नाही. झाकण सरकवलं, एक विडी ओढून होईस्तोवर थांबला आणि म्हणाला, उतरा. माझ्या पुढचा गडी शिडीवर निम्म्यात गेला आणि त्याचे हात ढिले पडले. पाय दांड्यात अडकला म्हणून खाली गेला नाही. आम्ही कॉलरला धरून त्याला वर ओढला. तोंड निळं पडलेलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं माहितीय? 'हजेरी लागंल ना?'

दोस्ताला मी विचारलं, हा माणूस स्वतंत्र होता का? कागद तर म्हणतो, होता. कुणी बंदूक रोखली नव्हती. मुकादम फक्त म्हणाला, उतरा. पण गेटाबाहेर चाळीस जण उभे होते आणि ते आम्हाला दिसत होते. यात मिलच्या हिशेबाने इजा कुणी कुणाला केली? कुणीच नाही. माणूस स्वखुशीने उतरला नि स्वखुशीने निळा पडला!

दोस्त म्हणाला, ती भुकेची सक्ती झाली, मी सक्तीच्याच विरुद्ध लिहितोय. बरोबर आहे. पण मग त्याच्या लेखात भूक कुठे आहे? त्याच्या लेखातल्या माणसाला फक्त सरकारच छळतं. कंत्राटदार त्याला भेटतच नाही. 'नको' म्हटलं आणि रात्री चूल पेटली, तर मी त्याला स्वातंत्र्य म्हणीन. 'नको' म्हटलं की चूल विझत असेल, तर त्याच्या 'हो'ला काडीची किंमत नाही. सुरक्षेचा नियम म्हणजे आम्हाला उसना मिळालेला 'नको' आहे. मी म्हणू शकत नाही, म्हणून माझ्यासाठी कायद्याने म्हणायचा.

आणि तो नाही म्हटला की काय होतं, हे गोदीला चांगलं माहीत आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं. कराचीला त्यातच कापसाच्या गठड्या भरल्या. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात! स्फोटकं असली की तांबडं निशाण लावायची रीत. लढाईच्या घाईत तीही सोडून दिलेली. दुपारी धूर निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांची आठवण दरवर्षी होते, व्हायलाच पाहिजे. पण बाकीचे? धक्क्यावरचे हमाल, आसपासच्या वस्तीतली माणसं? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. मधली पाचशे माणसं आहेत की नाहीत हेच कुणाला नक्की सांगता येत नाही. त्याच जहाजात सोन्याच्या विटा होत्या. त्या किती होत्या याचा हिशेब पक्का होता, आणि समुद्राच्या गाळातून त्या पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या.

त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षं पूर्ण झाली. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. आम्ही दर १४ एप्रिलला निळा गुलाल उधळतो. आमच्या पोरांपैकी किती जणांना हा स्फोट माहीत आहे? मलाच एका निवृत्त फायरमनने सांगितला.

आता दोस्ताची बाजू, कारण तिच्यात दम आहे. तो म्हणतो, जपणूक करण्यासाठी सरकारच्या हातात दांडा दिलास की तो दांडा तुझ्या स्वयंपाकघरात शिरतो. शिरलाच ना! २०१५ साली महाराष्ट्रात बैलही गायीच्या पंगतीला बसला. त्याचं मांस घरात सापडलं तरी गुन्हा. पुढच्या वर्षी मुंबई हायकोर्टाने बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्याचा गुन्हा रद्द केला, माणसाने काय खावं हा त्याचा खाजगी मामला मानला. २००५ साली डान्सबार बंद केले, नीतीच्या नावाने. हजारो बाया रस्त्यावर आल्या. त्या काय खातील, हा प्रश्न नीतिमानांना पडला नाही. कोर्टाने ती बंदीही टिकू दिली नाही, पण त्यात आठ वर्षं गेली. अशा बंदीविरुद्ध मी दोस्ताच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

पण या दोन तऱ्हेचे कायदे शेजारी ठेवून बघा. बैल कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस विनासाधन उतरवणं गुन्हा ठरलं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा नुसता दंड. आणि त्यातही पळवाट अशी की मालकाने साधनं दिली, काळजी घेतली, तर ते उतरवणं 'धोकादायक सफाई'च्या व्याख्येत बसतच नाही. म्हणजे उतरायचा तो उतरायचाच, फक्त सजवून. गटारातल्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू फार झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा बरी झाली. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलं, २०२३ साली तीस लाख. मरणाचा भाव वाढला एवढं खरं. तिथे उतरणारा कुठल्या जातीचा, हे या अंकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही.

म्हणजे झगडा सक्ती हवी की नको असा नाहीच. सक्ती कुणाच्या अंगासाठी उठते आणि कुणाच्या अंगावर उठते, हे बघायचं. 'सार्वजनिक सुरक्षा' म्हणतात त्यातलं सार्वजनिक म्हणजे कोण? १९३६ सालीच बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये यावर बोट ठेवलंय : इथल्या माणसाचं सार्वजनिक त्याच्या जातीच्या वेशीशी संपतं, दया आणि जबाबदारीही तिथेच संपते. आणि नियम नि तत्त्व यांतला फरकही तिथेच सांगितलाय. नियम पाळणारा माणूस यंत्रासारखा वागतो. तत्त्वाने चालणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतः विचार करावा लागतो, चूक झाली तर ती त्याची असते. आमच्या मुकादमाकडे नियमांची वही आहे. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी आमच्या डोक्यावर पिवळी टोपी असते. मनात तत्त्व कुठलं? माणूस पडला तर दुसरा गेटावर आहेच, हे.

हेल्मेटचं बोलायचं राहिलं. रस्त्यावर ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्यापासून सक्तीचं आहे, आणि पुण्यात सक्ती लागू करायला गेले की मोर्चे निघतात. डोक्याच्या स्वातंत्र्यासाठी पेठांतली माणसं रस्त्यावर उतरतात. मला हसू यायचं. मग या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपली पोरं बघितली. एका गाडीवर तिघे, हातात निळा झेंडा, डोकी उघडी. एकाला मी थांबवलं तर म्हणतो, दादा, आज आपला दिवस आहे, आज कोण अडवतंय? अरे भाड्या, अडवायला कोण कशाला पाहिजे! तुझं डोकं फुटलं तर सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर रात्रभर कोण बसणार? तुझी आय. रक्त कोण देणार? आम्ही. माझं शरीर माझं हे खरं, पण ते चार जणांच्या कष्टावर वाढलंय आणि आजारी पडलं तर चार जणांच्याच गळ्यात येतं. यावर पोलिसाने पावती फाडावी का? दोस्त म्हणतो नाही, मी म्हणतो फाडावी. मात्र मी स्वतः उन्हाळ्यात धक्क्यावर ती पिवळी टोपी काढून ठेवतो, कारण आत डोकं शिजतं. हे भांडणात दोस्ताने तोंडावर फेकलं. उत्तर देता आलं नाही.

गोदीत नवीन वर्षाचे कागद छापून आलेत, मजकूर तोच. आमच्या गँगमधल्या अकरा जणांनी ठरवलंय, यंदा सही करायची नाही, अंगठाही नाही. आधी हवा तपासायचं यंत्र दाखवा, मग कागद दाखवा. अकरांपैकी किती जण गेटावर टिकतील हे सोमवारी कळेल. निळा पडलेला गडी अकरांत नाही. त्याच्या घरात तीन पोरं आहेत आणि मी त्याला काही बोललेलो नाही.

अर्जाचा मसुदा तोच दोस्त करतोय, ज्याचा लेख पान सातवर आहे. काल रात्री फोन आला होता. 'स्वखुशी' या शब्दापाशी अडलाय. ज्यांना कामगार कायद्यातलं कळतं त्यांनी रविवारी सकाळी दहाला खोलीवर यावं. चहा आम्ही देऊ, विडी स्वतःची आणा.

जय भीम.