निवळशंख पाण्याचं खोटं कौतुक

निवळशंख पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. कॅनडातली आपली मंडळी उन्हाळ्यात तंबू घेऊन ऑन्टारियोच्या किलार्नी प्रांतिक उद्यानात जातात आणि निळ्याशार तळ्यांचे फोटो पाठवतात. सोबत ठरलेली ओळ असतेच: ‘अहो, तळ दिसतो! काय शुद्ध निसर्ग आहे!’

माझा आक्षेप आहे तो या ‘शुद्ध’ला.

बोरियल अरण्यातल्या तळ्याचं पाणी बऱ्याचदा कोऱ्या चहासारखं दिसतं. झाडांच्या सुया, शेवाळ, दलदलीतला पाला कुजून त्याचा अर्क पाण्यात उतरतो, म्हणून तो रंग. पाण्यात आम्ल वाढलं की हा अर्क कमी होतो आणि तळं नितळ होत जातं. किलार्नीच्या पांढऱ्या क्वार्ट्झाइटच्या डोंगरांवर माती मुळातच कमी, त्यामुळे इथली काही तळी आधीपासूनच नितळ होती, हे मान्य. पण त्याच खडकात आम्ल मारायची ताकद नाही. आणि आम्ल आलं कुठून? जवळच्या सडबरीत निकेल-तांब्याचं खनिज वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या गंधकी धुरातून.

लम्सडेन नावाचं एक छोटंसं तळं घ्या. १९६१ मध्ये त्याचा पीएच ६.८ होता, १९७१ मध्ये ४.४. म्हणजे दहा वर्षांत आम्लता सुमारे अडीचशे पट! १९६६ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या हॅरोल्ड हार्वे यांनी तिथे चार हजार सामन मासे सोडले. पुढच्या वर्षी एकही सापडला नाही. मूळचे ट्राउटही गेले. आणि गंमत बघा, उद्यान जाहीर झालं होतं १९६४ मध्ये! कागदावर तळं सुरक्षित, पाण्यात स्मशान.

१९७२ मध्ये सडबरीत ३८१ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली. गावावरचा धूर हटला, पण तो आणखी दूर जाऊन पडू लागला. आपल्या दारातला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटण्यातलाच हा प्रकार. खरा फरक पडला तो सरकारने धुरावर मर्यादा घालून त्या कडक करत नेल्यावर. गंधकी वायू नव्वद टक्क्यांहून जास्त घटला, २०२० मध्ये ती चिमणीही बंद झाली.

आता तळी हळूहळू सावरताहेत आणि सावरताना त्यांतल्या काहींचं पाणी थोडं गढूळही होतंय. उद्या कुणी ‘पूर्वीसारखं निळं राहिलं नाही हो’ म्हणून हळहळला, तर त्याला खुशाल सांगा की बाबा रे, तुझ्या फोटोसाठी नाही ते तळं! त्यात मासा जगतो का, हे आधी विचार. रंगाचं मग बघू.