आदेश कोर्टात, बाई ठाण्यात

रात्री साडेअकराची वेळ. कोर्टाकडून संरक्षण आदेश मिळालेली बाई पोलीस ठाण्यात उभी, कारण नवरा पुन्हा घरात शिरलाय. ठाणे अंमलदार विचारतो, "आदेशाची प्रत कुठाय?" प्रत कपाटात, कपाट घरात, घरात तो. "मग सकाळी या." आमच्या संघटनेतल्या एका बाईच्या बाबतीत हे घडलं. तुमच्याकडेही घडलं असेल.

कायदा काय म्हणतो पाहा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २४ नुसार आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना, ठाण्याच्या प्रमुखाला आणि त्या भागातल्या सेवा देणाऱ्या संस्थेला मोफत द्यायची आहे. कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेश मोडणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोही दखलपात्र. पण ठाण्यात आदेशच सापडत नसेल तर तो मोडला हे अंमलदाराला कळणार कसं? आमच्या प्रकरणात प्रत ठाण्यात पोचली होती! आवक रजिस्टरला नोंद होती, पुढे ती टपालाच्या फायलीत निजली होती.

आता सगळं संगणकावर आहे, असं आपल्याला सांगतात. पोलिसांची सीसीटीएनएस यंत्रणा २००९ साली मंजूर झाली, कोर्टांचं ई-कोर्ट्स आहे, आणि दोन्ही जोडायला आयसीजेएस आहे. त्यात पोलीस, न्यायालयं, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील असे पाच खांब. संरक्षण अधिकारी त्यात कुठेच नाही. शिवाय ही जोडणी गुन्ह्याच्या खटल्यासाठी, म्हणजे मुख्यतः एफआयआरच्या आधाराने उभी आहे. कलम १२ खालच्या अर्जाला तर एफआयआर लागतच नाही. मग यंत्रणांमधली तार व्हायचं काम बाईच्याच वाट्याला येतं. एका टेबलावरची हकीकत तिने दुसऱ्या टेबलावर नेऊन पुन्हा सांगायची, दर वेळी नव्याने रडायचं.

म्हणून सगळी माहिती सगळ्यांना दिसू द्या, अशी मागणी करावी का? मला ती धोक्याची वाटते. ठाण्यातला एखादा शिपाई नवऱ्याचा दोस्त असतो, आणि निवारागृहाचा पत्ता फुटायला एक फोन पुरतो. आदेशाचा क्रमांक, तारीख, नवऱ्याला कशाची मनाई आहे, एवढं रात्रपाळीच्या अंमलदाराला लगेच दिसलं पाहिजे. तिची हकीकत, तिचा आजचा पत्ता, दवाखान्याचे कागद तिच्या संमतीशिवाय हलता कामा नयेत.

सरकारला बोल लावताना आपलं दप्तरही उघडून बघू या. आमच्याकडे समुपदेशनाची वही एकीकडे, कोर्टाच्या तारखा वकील मैत्रिणीच्या डायरीत, निवाऱ्याचं रजिस्टर तिसरीकडे. तिसऱ्यांदा आलेल्या बाईलाही आम्ही "सुरुवातीपासून सांगा" म्हणत होतो. लाज वाटली. आता प्रत्येकीला एकच क्रमांक आहे आणि तिन्ही वह्यांत तोच लिहितो.

आणि आदेश मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्यातली एकजण बाईसोबत ठाण्यात जाते. प्रत हातात देते, शिक्क्याची पोहोच घेते, आवक क्रमांक बाईच्या प्रतीवर लिहून घेते. त्या प्रतीचा फोटो बाईच्या फोनमध्ये आणि ती सांगेल त्या शेजारणीकडे. पहिल्यांदा गेलो तेव्हा कारकून म्हणाला, "हे कोर्ट पाठवतंच की, तुम्ही कशाला आणता?" आम्ही त्याला आधीच्या आदेशाची तारीख सांगितली आणि तो शोधून दाखवा म्हटलं. पाऊण तास लागला.